टर्बोच्या जोडातले १२.९ चे बोल्ट ढिले, स्टेनलेसचेही ढिले. मग लावायचं तरी काय?

खंबाटकी_टॉप_गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गाडी जुनी आहे, १.८ लिटरची टर्बो पेट्रोल. इंजिन ठणठणीत, टर्बोही अजून धूर ओकत नाही. दुखणं एकच: टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा जळका वायू गोळा करणारा भाग) यांच्यातला जोड. चार स्टड (बिनडोक्याचे, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट), एम८, १.२५ पिचचे. मॅनिफोल्ड बिडाचं (कास्ट आयर्नचं), टर्बाइनचं घरही बिडाचंच.

मूळचे स्टड वर्षानुवर्षं टिकले, पण टर्बो उतरवताना दोन तुटले. गॅरेजवाल्याने "याच्यापेक्षा मजबूत बाजारात काही नाही" म्हणत काळे १२.९ चे अॅलन बोल्ट ठोकून दिले. काही आठवड्यांतच सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टिक्-टिक्, आणि थोडं अंतर गेलं की आवाज गायब. गार इंजिनावर पाना लावला तर बोल्ट जवळजवळ हाताने फिरत होते.

मग एका मित्राच्या सांगण्यावरून स्टेनलेसचे, ए२-७० लिहिलेले स्टड बसवले. आता सगळं उलटं झालंय. सकाळी एकदम शांत. पण घाट चढायला लागलो, गाडी चांगली तापली की फुसफुस सुरू आणि पिकअपही मेलेला. गार झाल्यावर तपासावं तर नट घट्ट! गॅस्केट नवीन आहे, दोन्ही फ्लँज (जोडाची तोंडं) सपाट करून घेतल्यात.

१२.९ च्या वर काही असतं का? की सरळ इन्कोनेल (निकेलचा मिश्रधातू) मागवू? खिशाला परवडेल असं काही असेल तर आधी ते सांगा.

भिडू_७७

लाल लॉकटाइट लावा आणि विसरून जा. एवढा काथ्याकूट कशाला?

नटबोल्ट_नाना

भिडू, नेहमीचं थ्रेडलॉकर (आट्यांचा गोंद) साधारण १५०-१८० अंशांपर्यंत, खास उष्णतेसाठीचं २३० च्या आसपास. या जोडात त्याची पहिल्याच फेरीत राख होते. नायलॉकचंही तेच, आतली नायलॉनची कडी १२० अंशांच्या पुढे निरुपयोगी. आणि स्प्रिंग वॉशर लावणार असाल तर तोही राहू द्या. तापला की त्यातली स्प्रिंग जाते आणि उरतो एक चपटा, कापलेला वॉशर.

टॉर्करेंच

धागाकर्ते, दोन्ही वेळची लक्षणं तुम्ही नीट लिहिलीत म्हणून काम सोपं झालं. गार असतानाचा आवाज आणि गरम असतानाचा आवाज ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी १२.९. बोल्टच्या डोक्यावरचे ८.८, १०.९, १२.९ हे आकडे खोलीच्या तापमानाचे. आयएसओ ८९८-१ मधल्या चाचण्या १० ते ३५ अंश सेल्सिअसला होतात. ही ताकद येते पोलादाला पाणी देऊन (तापवून एकदम गार करून) आणि मग साधारण चारशे-पाचशे अंशांना टेम्परिंग, म्हणजे पुन्हा बेताने तापवून. पेट्रोल टर्बोत टर्बाइनच्या तोंडाशी वायू ९०० अंशांच्या पुढे जातो. घाटात फ्लँज लालसर होते आणि स्टडचा मधला भाग सहज ५००-६०० अंशांना जाऊन बसतो. म्हणजे कारखान्यात दिलेलं पाणी तुम्ही दर घाटात थोडं थोडं उतरवताय. शिवाय एवढ्या तापमानाला ताणाखालचा बोल्ट हळूहळू कायमचा लांबतो, यालाच क्रीप म्हणतात. गार झाल्यावर फ्लँज आपल्या मूळ जाडीला येते, बोल्ट येत नाही. म्हणून सकाळची टिकटिक. पुन्हा तापलं की फ्लँज बोल्टपेक्षा जास्त गरम होते, फुगते आणि फट बुजते. १२.९ च्या वर काय असतं हा प्रश्नच सोडून द्या. त्या शिडीवर कितीही चढलात तरी ती शिडी गार हवेतली आहे.

आता स्टेनलेस. ए२ म्हणजे ढोबळमानाने ३०४. ते तापमानाला दर अंशामागे, दर मीटरला १७-१८ मायक्रॉन वाढतं. बीड वाढतं १२ च्या आसपास. तुमच्या जोडाची आवळलेली जाडी २० मिमी आणि तापमानवाढ ५०० अंश धरू. फरक सहाच्या जवळपास, म्हणजे स्टड फ्लँजपेक्षा सुमारे ०.०५५ मिमी जास्त लांबणार. आणि आवळताना तुम्ही त्याला ताणलं किती होतं? ए२-७० ची मर्यादा ४५० मेगापास्कल, त्याच्या पाऊण भागापर्यंत आवळलात तर २० मिमी लांबीत स्टड ताणला जातो जेमतेम ०.०३५ मिमी. हातात होती त्याहून जास्त खेच (आवळल्याने आलेली ओढ) प्रसरणाने खाऊन टाकली. स्टड फ्लँजइतका तापत नाही म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी होत असेल, पण घाटात जोड उघडायला तेवढं पुरतं. गार झालं की स्टड पुन्हा आखडतो आणि तुम्हाला नट घट्ट लागतो.

तेव्हा आकडा नंतर बघा. आधी फ्लँज कशाची आहे ते बघा, तिच्याइतकंच वाढणारं आणि तापल्यावर ताकद टिकवणारं पोलाद शोधा. दोन्ही अटी एकदम पाळल्या पाहिजेत. तुमच्या १२.९ ने पहिली पाळली, दुसरी नाही. स्टेनलेस पहिल्याच अटीला नापास.

शिरोलीचा_फाउंड्रीवाला

टॉर्करेंचसाहेब, एक नंबर. फक्त बीड म्हणजे एकच बीड नव्हं, एवढं सांगतो. टर्बोच्या कामाला आता साधं करडं बीड कुणी ओतत नाही. डिझेलला आणि मध्यम पेट्रोलला सिलिकॉन-मॉलिब्डेनमचं एसजी बीड चालतं, चार टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि अर्धा ते एक टक्का मॉलिब्डेनम. साधारण ८२०-८५० अंशांपर्यंत ते तग धरतं. त्याच्या वर गेलं की नि-रेझिस्ट, डी५एस सारखं, ३५ टक्के निकेल असलेलं. आणि वायू हजार अंशांच्या पुढं निघाला की बीड सोडून उष्णतारोधक ओतीव पोलाद.

हे सांगायचं कारण असं की ओतीव पोलादाचं टर्बाइन घर ऑस्टेनायटिक (३०४ च्याच घडणीचं) असलं तर ते स्टेनलेससारखंच वाढतं. तिथं सगळा हिशोब फिरतो. नवीन गाडीवाल्यांनी हा धागा वाचून डोळं झाकून बिडाचा स्टड घेऊ नये. धागाकर्त्यांची गाडी जुनी आहे, मला तरी ते बीडच वाटतंय.

श्टुटगार्टचा_सदाशिव

इथल्या कारखान्यांत या कामासाठी जे मानक डोळ्यांसमोर ठेवतात ते ईएन १०२६९, खास गरम जागेच्या बोल्टांच्या पोलादांचं. त्यातल्या तीन-चार जातीच आपल्या कामाच्या.

१.७७०९ हे क्रोम-मॉली-व्हॅनेडियम पोलाद, सुमारे ५४० अंशांपर्यंत. १.४९२३ मध्ये १२ टक्के क्रोमियम, ५८० च्या आसपासपर्यंत. दोन्हींचं प्रसरण बिडाच्या अगदी जवळ. मग १.४९८०, ज्याला बाकीचं जग ए२८६ म्हणतं. २५ टक्के निकेल, ६५०-७०० अंशांपर्यंत दमदार, पण प्रसरण ३०४ सारखं, १७ च्या घरात. शेवटी निकेलवाले: इन्कोनेल ७१८ आणि निमोनिक ८०ए. यांची गंमत ही की ताकद ए२८६ इतकी किंवा जास्त, आणि प्रसरण मात्र १३-१४. बीड असो वा नसो, दोन्हीकडे बऱ्यापैकी जुळवून घेतात. महाग का, ते यातच आलं.

तुमच्या बिडाला मी १.४९२३ लावीन. ए२८६ वर "रेसिंग" असं लिहून विकतात म्हणून घेऊ नका. तुमच्या गाडीत ते अर्धंमुर्धं ए२-७० सारखंच वागेल. त्याला जास्त आवळता येतं म्हणून उरते थोडी खेच, पण पैसे मोजून अर्धवट उपाय कशाला?

खंबाटकी_टॉप_गिअर

अरे वा! म्हणजे मी जे ए२८६ चं पाकीट कार्टमध्ये टाकून बसलो होतो ते काढतो. पण १.४९२३ इथे कुठे मिळणार? नाना पेठेत विचारलं तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला.

नागदेवी_स्ट्रीट

नाना पेठेत स्पेअर पार्ट मिळतात, त्यांना स्टडचं पोलाद विचारून काय उपयोग? मुंबईत नागदेवी स्ट्रीटला या, किंवा रिफायनरीला फ्लँज-स्टड पुरवणाऱ्यांना फोन करा. तिथे एएसटीएम ए१९३ ची (गरम जागेच्या बोल्टांच्या अमेरिकी मानकाची) भाषा चालते. बी७ म्हणजे ४१४० जातीचं क्रोम-मॉली, ढिगाने मिळतं, ४५० अंशांपर्यंत ठीक. बी१६ मध्ये शिवाय व्हॅनेडियमही असतं, ते आणखी वरपर्यंत जातं. ते तुमच्या १.७७०९ चं चुलत भावंडच समजा. बी८ म्हणाल तर ते ३०४, पुन्हा त्याच खड्ड्यात.

बी१६ तयार एम८ मध्ये सहसा नसतो, पाइपलाइनला एवढे बारीक स्टड कोण लावतो? बार घेऊन टर्नरकडून करून घ्यावे लागतात. पण आटे रोल केलेले मिळाले तर कापलेल्यांपेक्षा केव्हाही चांगले, मुळाशी चीर पडायची भीती कमी. स्टडच्या टोकावर बी७, बी१६ असा ठसा असतो, ए२८६ वर ६६० असतो. ठसा नसेल तर घेऊ नका. ठसा असला तरी हीट नंबरसकट (पोलादाच्या ओतणीच्या क्रमांकासकट) टेस्ट सर्टिफिकेट मागा. कोणी कां-कूं करायला लागला तर पुढचं दुकान.

ओझरकर_काका

मी विमानाच्या कामातून निवृत्त झालो. एक धोक्याची सूचना द्यायला मुद्दाम लॉगिन केलं. भंगारात, सरप्लसवाल्यांकडे सोनेरी-पिवळसर चकाकणारे विमानाचे बोल्ट मिळतात आणि पोरं हौसेने घेऊन येतात. त्यावर कॅडमियमचा मुलामा असतो. कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं. वितळलेलं कॅडमियम ताणलेल्या पोलादाच्या कणांच्या सीमांमध्ये शिरतं आणि बोल्ट काचेसारखा तडकतो. वाफही विषारी. जस्ताचं तसंच, ते ४१९ अंशांना वितळतं. म्हणून एक्झॉस्टवर चकचकीत झिंकवाला बोल्ट नकोच, काळा-कळकट बरा.

विमानात गरम जागी ए२८६ चे चांदीचा मुलामा दिलेले लॉकनट वापरतात. चांदी वंगणाचं काम करते, आटे एकमेकांना चिकटत नाहीत. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा कोरडा नट चढवलात तर अर्ध्यातच गच्च बसेल, मग पुढेही जाणार नाही आणि मागेही येणार नाही.

टॉर्करेंच

काकांना दंडवत. नटाचा विषय निघालाच आहे तर: तांब्याचा मुलामा असलेले, वरचं तोंड किंचित लंबगोल दाबलेले धातूचे लॉकनट घ्या, जर्मन गाड्यांच्या स्पेअरमध्ये मिळतात. ते सुटू देत नाहीत आणि काढताना स्टडचे आटे सोबत आणत नाहीत.

आता टॉर्क, कारण इथेच बहुतेकांचं बिघडतं. एम८ चं ताण-क्षेत्र ३६.६ चौरस मिमी. ८.८ चा स्टड कोरडा, २५ न्यूटन-मीटरने आवळला की टॉर्क-गुणांक (नट फॅक्टर) ०.२ धरून खेच येते साधारण १५.६ किलोन्यूटन. तोच स्टड, तोच टॉर्क, पण आट्यांना कॉपर पेस्ट लावली की गुणांक ०.१५ वर येतो आणि खेच होते २०.८. त्या स्टडची हमीची मर्यादा २१.२. काठावरच उभे! म्हणून पेस्ट लावणार असाल तर टॉर्क १९ च्या आसपास आणा. दुसऱ्या जातीचा स्टड असेल तर त्याच्या मर्यादेवरून हाच हिशोब करा. कॉपर पेस्ट ११०० अंशांपर्यंत चालते, निकेलवाली त्याच्याही वर.

दुसरं म्हणजे स्टड लांब घ्या आणि नटाखाली जाड नळीचा तुकडा, म्हणजे स्लीव्ह घाला. अनेक कंपन्या मूळ गाडीतच असं देतात. आवळलेली लांबी २० ऐवजी ४० मिमी झाली की त्याच खेचेला स्टड ०.०४३ ऐवजी ०.०८७ मिमी ताणला जातो. गॅस्केट बसून ०.०१ मिमी गेलं तर आखूड स्टडची जवळजवळ पाव खेच जाते, लांब स्टडची आठव्या भागाहून कमी. नटही आगीपासून दूर राहतो. स्लीव्ह स्टडच्याच पोलादाची करा, नाहीतर नवीन भानगड. माझ्या मते पाच रुपयांची ही नळी इन्कोनेलइतकीच कामाची आहे, पण तिचा फोटो टाकून मिरवता येत नाही ना!

इंजिनवेडी_मुक्ता

माझं प्रकरण उलटं. बिडाचं मॅनिफोल्ड काढून पाइपांचं वेल्ड केलेलं स्टेनलेसचं लावलंय. त्याला १०.९ चे बोल्ट, आणि तेही ढिले होतात. मग मी ए२८६ लावू का?

टॉर्करेंच

मुक्ताताई, आधी फ्लँजला चुंबक लावून बघा. चांगला चिकटला तर ती ४०९ सारख्या फेरिटिक जातीची, बिडासारखीच वाढणारी, तिला १.४९२३ किंवा बी१६. चिकटला नाही तर ३०४ किंवा ३२१. तिथे फ्लँज जास्त फुगते, १०.९ चा बोल्ट मध्ये अडकून मर्यादेपलीकडे ताणला जातो आणि गार झाल्यावर लोंबकळतो. तुम्हाला ए२८६ हेच उत्तर. जे खंबाटकींना नको सांगितलं तेच तुम्हाला हवं.

गॅरेज_सांगली

इथं सगळी पोलादावर बोलायलेत, पण निम्म्या गाड्यांत स्टडचा दोष नसतोच. टर्बोखालचा आधाराचा ब्रॅकेट कुणीतरी "अडचण होते" म्हणून काढून फेकलेला असतो. नाहीतर डाउनपाइपमधला (टर्बोतून खाली जाणाऱ्या पाइपातला) लवचिक जाळीचा तुकडा काढून सरळ पाइप वेल्ड केलेला. मग इंजिन हललं की पाइपाचं सगळं वजन त्या चार स्टडांवर पाना मारल्यासारखं येतं. खंबाटकीसाहेब, ब्रॅकेट आहे का बघा आधी.

तुटलेल्या स्टडाचं पण सांगतो. स्क्रू एक्स्ट्रॅक्टर आत मोडला की त्या कडक पोलादावर ड्रिल चालत नाही, काम दुप्पट. स्टडाचं थोडं जरी टोक वर असलं तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरायचं, लालसर असतानाच थोडं पुढं-मागं, पुढं-मागं करत काढायचं. एका दमात पिळलं की परत तुटलंच. सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचं असलं तर गॅसचा टॉर्च अजिबात नको.

नटबोल्ट_नाना

सांगलीकरांना +१. आडव्या हादऱ्याने नट कसा आपोआप सुटतो हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकरने १९६९ मध्ये दाखवलं होतं. जोड आडवा सरकायला लागला की घट्ट नटही उलटा फिरतो. त्यामुळे ब्रॅकेट, पुरेशी खेच, मग लॉकनट, या क्रमाने.

हेडच्या बाजूचे शेवटचे दोन स्टडच नेहमी का तुटतात, हेही कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच. चार सिलिंडरच्या मॅनिफोल्डची टोकाच्या स्टडांमधली लांबी ३५० मिमी धरा. फ्लँज ४०० अंशांवर, हेड पाण्याने गार राहून १२० वर. बीड १.६ मिमी वाढतं, अॅल्युमिनियम ०.८. उरलेला फरक दोन टोकांना ०.४-०.४ मिमी, आणि तो दर वेळी स्टडाला वाकवतो. म्हणून टोकांची भोकं मोठी किंवा लांबट ठेवतात. कुणी ती बुशिंग घालून "नीट" करून देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. फोक्सवॅगनच्या ईए२११ किंवा फोर्डच्या १.० इकोबूस्ट इंजिनांमध्ये मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं असून त्याभोवती पाणी फिरतं, तिथे हा प्रश्नच मिटला.

खंबाटकी_टॉप_गिअर

ब्रॅकेट नाहीये! दोन भोकं आहेत, ब्रॅकेट नाही. ज्यांनी काढला ते आता "आमच्याकडे आली तेव्हा नव्हताच" म्हणतायत. असो. जुन्या गाड्यांच्या बाजारातून मूळचा ब्रॅकेट शोधतोय. स्टड १.४९२३ चे, लांब, स्लीव्हसकट. एका ओळखीच्या टर्नरने बार आणून द्या म्हटलंय. ते जमलं नाही तर नागदेवीचा बी१६. इन्कोनेल रद्द.

एक शंका: बसवल्यावर पुन्हा आवळायचे का? गरम असताना की गार?

टॉर्करेंच

गार. पूर्ण गार, रात्रभर उभी राहिलेली गाडी. आधी समोरासमोरच्या जोडीने दोन-तीन टप्प्यांत आवळा, दोन-चारदा नीट तापवून गार होऊ द्या, मग एकदा तपासा. गॅस्केट बसल्यामुळे थोडा फिरला तर ठीक. दुसऱ्यांदाही तेवढाच फिरला तर थांबा आणि फ्लँजच्या सपाटीवर पट्टी आणि फीलर गेज लावा. दर रविवारी पाना घेऊन आवळत बसणं हा उपाय नव्हे, तसं करून तुम्ही स्टड थोडा थोडा ताणतच नेता.

तळेगाव_डिझेल

माझी १.३ डिझेल आहे, एवढं सगळं करायला पाहिजे का?

नटबोल्ट_नाना

नाही. डिझेलचा वायू पूर्ण भाराला ७००-८०० च्या आसपास राहतो आणि बहुतेक वेळ त्याहून बराच खाली. बिडाच्या फ्लँजला मूळ कंपनीचे स्टड किंवा बी१६, तांब्याचे नवे लॉकनट, बस. पण डिझेलचा हादरा जास्त, म्हणून ब्रॅकेट आणि लवचिक तुकडा शाबूत आहे का ते बघा. आणि जुने लॉकनट परत चढवू नका, एकदा उघडले की त्यांची पकड गेलेली असते.